अंड्यांना घरचा रंग बसत नाही? आधी अंडं तपासा, मग रंगाला नावं ठेवा

ईस्टरची अंडी घरी कोबी, हळद, कांद्याच्या सालांच्या रंगात रंगवताना यातलं काही तुमच्याकडे घडलंय का?

– अंडं तासभर रंगात बुडवून ठेवलं, तरी बाहेर काढल्यावर दहा वेळा धुतलेल्या साडीसारखं फिकट.
– रंग बसला, पण मध्येमध्ये पांढरं राहिलं. कुठे चक्क अंगठ्याचा ठसा, कुठे टाचणीच्या टोकाएवढे ठिपके.
– पाणी गुलाबी-जांभळं आणि अंडं निळं. किंवा पाणी लालभडक आणि अंडं मळकट बदामी.
– चार वाट्यांत चार रंग केले, चारही अंडी शेवटी त्याच एका करड्या-तपकिरी रंगाची.
– वाळल्यावर बोट फिरवलं की रंग बोटाला.
– कवच खरखरीत, चुन्याच्या भिंतीसारखं.
– शनिवारी झकास दिसलेलं अंडं सोमवारी उडालेलं.
– उकळतानाच तडा, आणि रंग आत पांढऱ्यात.

दर वर्षी गुड फ्रायडेच्या संध्याकाळी माझा फोन वाजतो. आमच्या जुन्या शेजारच्या काकू मूळ नगरकडच्या, मराठी ख्रिस्ती, आता फतेहगंजात राहतात. ईस्टरला चर्चमधल्या मुलांसाठी त्या अंडी रंगवतात आणि दर वेळी यातलं काहीतरी होतंच. "अगं, पुन्हा डागाळली गं!" एवढंच म्हणतात, की मी स्कूटी काढते. मी इथे बडोद्यात सयाजीराव विद्यापीठातून होम सायन्स केलं, कापडाची रंगाई शिकले. त्या ज्ञानाचा संसारात सर्वांत जास्त उपयोग काकूंच्या अंड्यांना झालाय. आमच्या घरी सासऱ्यांना अंडं चालत नाही, त्यामुळे माझं अंड्यांचं पातेलं, गाळणं आणि डाव गच्चीवर एका जुन्या बादलीत राहतं. सगळे प्रयोगही तिथेच, पाण्याच्या टाकीच्या सावलीत.

इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली आहे. लोक आधी रंग बदलतात: बीट जमलं नाही, डाळिंब आणा, ते नाही, तर पालक आणा. दोष बहुतेक वेळा रंगात नसतो. तो अंड्याच्या कवचात, व्हिनेगरात, भांड्यात किंवा पाण्यात असतो. म्हणून खालच्या तपासण्या ज्या क्रमाने दिल्यात त्याच क्रमाने करा. पहिल्या तीन फुकट आहेत.

आधी कवच म्हणजे काय, ते थोडक्यात. सुती कापड रंग पिऊन घेतं, अंडं पीत नाही. कवचाचा साधारण ९५ टक्के भाग कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूचाच भाऊबंद. त्यावर प्रथिनाचा एक अतिशय पातळ थर असतो. कोंबडी अंडं घालते तेव्हा तो ओला असतो, मग वाळून कवचाची छिद्रं झाकतो. आपला रंग मुख्यतः त्या थराला धरतो आणि थोडा कवचाच्या वरच्या पृष्ठभागाला. आम्ल असलं की हा थर रंगाला धरायला तयार होतो. म्हणून व्हिनेगर. हे डोक्यात ठेवलंत तर पुढचं सगळं आपोआप समजेल.

१. काहीच करू नका, अंडं वाळू द्या

काकूंचा पहिला फोन हमखास जांभळ्या कोबीचा असतो. पाणी गुलाबी, अंडं राखाडी, "बिघडलं". बिघडलेलं नसतं. कोबीतला रंग, अँथोसायनिन, आम्लात गुलाबी, मधल्या स्थितीत जांभळा आणि अल्काच्या (म्हणजे आम्लाच्या उलट, सोड्यासारख्या) बाजूला निळा-हिरवा होतो. वाटीतल्या पाण्यात व्हिनेगर आहे म्हणून पाणी गुलाबी. पण कवच खडूसारखं, म्हणजे आम्ल मारणारं. त्याच्या अंगाला लागलेला रंग निळा होणारच.

एकदा डोळ्यांनी पाहा, मजा येते. वीस मिनिटांनी डावाने अंडं वर काढलं की ते ओल्या पाटीच्या रंगाचं दिसतं, अगदी उदास. ते ट्रेवर ठेवा आणि पंख्याखाली सोडा. पाणी जिथून आधी सुकतं तिथून, बहुधा वरच्या टोकाकडून, निळा रंग उमटायला लागतो आणि पाच-सात मिनिटांत अंडं आकाशी होतं. रात्रभर फ्रिजमध्ये त्याच पाण्यात ठेवलं तर गडद निळं, शाईच्या जवळचं. गुलाबी अंडं हवं म्हणून कोबीत आणखी व्हिनेगर ओतत बसलात तर गुलाबी मिळणार नाही, खरखरीत मात्र मिळेल.

दुसरं म्हणजे वेळ. बाजारी रंग पाच मिनिटांत बसतो, स्वयंपाकघरातला नाही. अर्धा तास ही सुरुवात धरा. गडद हवं असेल तर रात्रभर, पण फ्रिजमध्येच. उकळत्या रंगात टाकून घाई करू नका. रंग कोमट ते गार झालेला असावा.

२. अंडं कोणत्या रंगाचं आहे?

फुकटची तपासणी, तरी अर्धे लोक इथेच चुकतात. गावरान म्हणून आणलेलं तपकिरी अंडं निळ्या रंगात टाकलं तर हिरवट-करडंच होणार. पिवळ्यात टाकलं तर मातकट सोनेरी. चार वाट्यांतून एकच रंग निघाला असेल तर आधी ट्रे बघा. निळा, पिवळा, गुलाबी अशा फिकट रंगांना दुकानातली साधी पांढरी अंडी घ्या. कांद्याच्या सालांना तपकिरी अंडं उलट छान, विटकरीवर आणखी गडदपणा येतो.

याच विषयावरून फिरणारा एक गैरसमज सांगते. तपकिरी अंड्यावर व्हिनेगर चोळल्यावर रंग निघाला तर ते चहाने रंगवलेलं नकली गावरान, असं लोक छातीठोकपणे सांगतात. अस्सल तपकिरी अंड्याचा रंगही कवचाच्या अगदी बाहेरच्या थरात असतो, आणि आम्लाने तो थर सुटला की रंगही सुटतो. त्यामुळे या परीक्षेवरून अंडीवाल्याशी भांडायला जाऊ नका. आपल्या कामापुरता धडा एवढाच की तपकिरी अंडं व्हिनेगरात फार वेळ ठेवलं की पट्टे पडतात.

३. थेंबाची परीक्षा

उकडून गार केलेल्या अंड्यावर पाण्याचा एक थेंब टाका. पसरला तर ठीक. कमळाच्या पानावरच्यासारखा गोळी होऊन उभा राहिला तर कवचावर तेलकटपणा आहे. अंगठ्याचे ठसे इथूनच येतात. काकूंकडे एका वर्षी सगळ्या अंड्यांवर एकाच बाजूला तीन-तीन पांढरे डाग होते. शोध घेतल्यावर कळलं की अंडी पुसायला बसलेली नात मधूनमधून शेव खात होती.

उपाय: भांड्याच्या साबणाचा एक थेंब कोमट पाण्यात टाका, मऊ फडक्याने हलक्या हाताने पुसा, मग स्वच्छ पाण्याने भरपूर धुवा. घासणीने नाही. वरचा प्रथिनाचा थरच खरवडला तर रंगाने धरायचं कशाला? शेवटी व्हिनेगर लावलेल्या कापसाने एकदाच पुसा आणि त्यानंतर अंडं हाताने उचलू नका, डाव वापरा.

टाचणीच्या टोकाएवढे ठिपके असतील तर ते तेलाचे नाहीत, बुडबुड्यांचे आहेत. व्हिनेगर कवचाला लागलं की कार्बन डायऑक्साइडचे बारीक बुडबुडे सुटतात आणि अंड्याला चिकटून बसतात. जिथे बुडबुडा, तिथे रंग पोचत नाही. पहिली दहा मिनिटं दर दोन मिनिटांनी अंडं हलक्या हाताने फिरवा, बस. ते ज्या जागी पातेल्याच्या तळाला टेकतं तिथला गोल डागही याने जातो.

४. व्हिनेगर

प्रमाण: एक कप गाळलेल्या रंगाला एक मोठा चमचा पांढरं व्हिनेगर. लिटरला चार मोठे चमचे. आपल्याकडे बाटलीवर साधारण ४ टक्के आम्ल लिहिलेलं असतं. तसं असेल तर चमचा काठोकाठ भरा.

बाटली बरी आहे का, ते पाहायला कवचाचा तुकडा घ्या आणि त्यावर चार थेंब टाका. मिनिटाभरात बारीक फेस दिसला पाहिजे. नाही दिसला तर बाटलीत पाणीच जास्त आहे, नवी आणा. उलटं, फेस इतका की तुकडा नाचतोय, तर प्रमाण कमी करा.

खरखरीत, चुनकळी अंडी जास्त व्हिनेगरामुळे होतात. कवच विरघळायला लागतं आणि वर बसलेला रंग सालासकट सुटतो. म्हणून "रंग फिका आला, आणखी व्हिनेगर घाल" हे धोरण चालत नाही. एकदा घातलं की थांबायचं. लिंबू आणि कोकम मी दोन्ही वापरून पाहिलं. लिंबाने कवचावर ओरखडे पडल्यासारखं झालं; कोकमाने अंड्याला रंग येण्याआधी कवचच उतरलं. कोकम सोलकढीलाच ठेवा.

कवचाचे तुकडे कुठून आणायचे? ऑम्लेटची कवचं टाकू नका. काकूंच्या गल्लीत रात्री अंड्याची लारी लागते. लारीवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवलं की पिशवीभर मिळतात. ती आधी धुऊन दहा मिनिटं उकळा, आत कच्चं अंडं चिकटलेलं असतं. मग वाटीवाटीत एकेक तुकडा टाकून चाचणी घ्या. तीस अंडी बुडवण्याआधी तीन तुकडे बुडवलेले परवडतात.

५. भांडं

सगळे रंग करडे येत असतील आणि अंडी पांढरीच असतील तर पातेलं बघा. लोखंडी कढईत कांद्याची सालं उकळली की शेवाळी-काळपट रंग येतो, चहा उकळला तर जवळजवळ शाई. चहातलं टॅनिन आणि लोह एकत्र आले की काळं होणारच, जुन्या काळी शाई याच मेळातून बनवत. ॲल्युमिनियमचं पातेलं आम्लाशी भिडतं आणि कोबीचा रंग निळ्याकडे ओढतं. कल्हई उडालेलं पितळेचं भांडं तर खाण्याच्या वस्तूला आणि आम्लाला अजिबात नको. स्टीलचं घ्या आणि भिजवायला काचेच्या बरण्या. खर्च शून्य, कारण घरात असतंच. एवढी एक गोष्ट बदलून मी निदान चार घरांतली तक्रार मिटवली आहे.

६. पाणी: इथे मी स्वतः फसले

इथवर सगळं ठीक, तरी रंग मळकट? मग पाणी. बडोद्याला महापालिकेचं पाणी आजवा तलावातून आणि मही नदीच्या पात्रातल्या फ्रेंच विहिरींतून येतं. दांडिया बाजारात आमच्या जुन्या घरी तेच यायचं, आणि मला पाण्याचा विचार करायची वेळ कधी आली नाही. लग्नानंतर शहराच्या बाहेरच्या सोसायटीत आले. इथे बोअर. बादलीला पांढरा थर, गीझरची कॉइल दोन वर्षांत खडूने भरलेली, डाळ शिजता शिजत नाही.

२०१९ मध्ये ईस्टर २१ एप्रिलला होता. शनिवारी दुपारी गच्चीवर मी काकूंसाठी कोबी उकळायला ठेवला. नेहमीचा अर्धा कोबी, लिटरभर पाणी. अर्ध्या तासाने झाकण काढलं तर पाणी जांभळं नव्हतंच. मोरपिशीकडे झुकलेलं, मग माझ्या डोळ्यांदेखत गढूळ हिरवट. मला वाटलं कोबी सडका. खंडेराव मार्केटला जाऊन दुसरा आणला, वर त्या भाजीवाल्याला चार शब्द सुनावलेही. दुसऱ्या कोबीचंही तेच झालं. तेव्हा कुठे ट्यूब पेटली. एका वाटीत आरओचं पाणी, एका वाटीत बोअरचं, दोन्हींत कोबीची चिरून ठेवलेली चार-चार पानं आणि वरून ज्या-त्या वाटीचंच पाणी, उकळतं. आरओची वाटी जांभळी, बोअरची निळसर-हिरवी. भाजीवाल्याची माफी पुढच्या रविवारी मागितली, त्याला कशाबद्दल ते कळलंही नाही.

कारण असं की जड पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार आणि बायकार्बोनेट असतात. असं पाणी उकळलं की अल्काच्या बाजूला जातं. त्यात कोबीचा रंग नुसता निळा-हिरवा होऊन थांबत नाही, उष्णतेत मोडायलाही लागतो. कांद्याच्या सालांचा लालपणा जाऊन चॉकलेटी येतो. वर तुम्ही मोजून घातलेल्या व्हिनेगरातला काही भाग पाण्याशी झगडण्यातच संपतो.

म्हणून दोन वाट्यांची परीक्षा करा. घरी जांभळा कोबी असेल तर दोन रुपयांचंही काम नाही. फरक दिसला तर रंग काढायला आरओचं किंवा विकतचं जारचं पाणी घ्या. लिटर-दोन लिटर लागतं, त्यात कंजुषी नको. अंडी उकडायला बोअरचं चालेल, पण मग कवचावर पांढरी भुकटी बसते, ती व्हिनेगरच्या कापसाने पुसावी लागते. आरओ नसेल तर कोबी उकळायला टाकतानाच एक मोठा चमचा व्हिनेगर घाला, बाकीचं गाळल्यावर. रंग पूर्ण सुधारत नाही, पण हिरवट चिखल तरी होत नाही.

७. आता रंगाची पाळी

इथपर्यंत सगळं तपासूनही जमलं नसेल तरच.

*कांद्याची सालं.* सर्वांत खात्रीचा रंग. लिटरभर पाण्याला पाच-सहा मोठ्या मुठी कोरडी सालं, अर्धा तास मंद आचेवर, गाळून गार. आपल्या लाल कांद्याच्या सालांतून नारिंगी-विटकरी ते मरून येतो. फिका आला असेल तर सालं कमी पडलीत, दुसरं काही नाही. कांदेवाल्याच्या पोत्याच्या तळाशी सालांचा ढीग असतो, तो फुकट देतो आणि आपल्याकडे बघून हसतो. ग्रीसमध्ये ईस्टरआधीच्या गुरुवारी लाल अंडी करतात, त्यालाही पारंपरिक घरांतून कांद्याची सालंच. संगमरवरासारखी नक्षी हवी असेल तर कच्च्या अंड्याला ओली सालं गुंडाळा, वरून मलमलचं फडकं घट्ट बांधा आणि तसंच उकडा. कोथिंबिरीचं पान अंड्यावर चिकटवून जुन्या नायलॉनच्या मोज्यात बांधून बुडवलंत तर पानाची पांढरी छबी उठते. मोजा घट्ट नसेल तर पानाखाली रंग शिरतो आणि भूत दिसतं.

*हळद.* लिटरला तीन मोठे चमचे. बोटाला रंग लागतो तो हळदीचाच. तिचा रंग, कर्क्युमिन, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे वाटीत दिसतो तो बराचसा तरंगणारा चुरा. तो अंड्यावर बसतो आणि मग झडतो. दहा मिनिटं उकळा, दुहेरी कापडातून गाळा, अंडं काढल्यावर गार पाण्यात एकदाच बुचकळा आणि पुसू नका. आणि ऊन! हळदीचा रंग उन्हात उडतो. खिडकीत मांडलेली पिवळी अंडी सोमवारी पांढरी झाली तर दोष खिडकीचा.

एका वर्षी पिवळ्या अंड्यांवर लाल बोटं उमटली होती आणि मुलं घाबरली, रक्त म्हणून. एकीने साबणाने हात धुऊन, न पुसता अंडं उचललं होतं. साबण अल्कधर्मी, हळद अल्कात लाल. मराठी घरात हे कुणाला सांगायला नको खरं तर, हळदीला चुना लागून कुंकू होतं ते हेच. काकूंनी मग मुद्दाम खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात काडी बुडवून पिवळ्या अंड्यांवर तांबडे क्रूस काढले. वाळल्यावर ते थोडे तपकिरी पडले, तरी सर्वांत आधी तीच अंडी संपली.

*बीट.* इथे मी स्पष्ट बोलते: बीट सोडून द्या. पाणी इतकं देखणं होतं की प्रत्येक जण फसतो. त्याचा रंग उष्णतेने मोडतो, कवचाला नीट धरत नाही, वाळला की बदामी. हट्टच असेल तर कच्चं बीट किसून, न उकळता, गार पाण्यात व्हिनेगर घालून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. फिकट गुलाबी येईल आणि दोन दिवस टिकेल.

*पालक.* अंडं हिरवं होत नाही, पालकाचा वास मात्र येतो. हिरवं हवं असेल तर आधी हळदीत अर्धा तास, वाळवून मग कोबीत. क्रम उलटा केलात तर डाग पडतात, का ते विचारू नका, माझ्याकडे तरी पडतात.

*चहा-कॉफी.* तपकिरी. चुकत नाही, म्हणून कुणी करतही नाही.

वाळवताना अंडी एकमेकांना टेकू देऊ नका. पुठ्ठ्याचा ट्रे पाणी शोषून डाग पाडतो. मी थर्माकोलच्या तुकड्यात चार-चार टाचण्या रोवून त्यावर अंडं ठेवते. पूर्ण वाळल्यावर सिंगतेलाचा (शेंगदाणा तेलाचा) एक थेंब फडक्यावर घेऊन पुसलं की रंग उजळतो. आधी पुसलंत तर परत तिसऱ्या क्रमांकावर जा.

८. तडे

फ्रिजमधलं अंडं थेट उकळत्या पाण्यात टाकणं, हे नेहमीचं कारण. तासभर बाहेर ठेवा, गार पाण्यात एका थरात मांडा, पाण्यासकट तापवा. उकळी आल्यावर मंद आचेवर दहा-अकरा मिनिटं, मग लगेच गार पाणी. जास्त उकळलं तर बलकाभोवती हिरवट-करडं कडं येतं. काकूंना वाटायचं रंग आत गेला. तो परिणाम रंगाचा नाही. पांढऱ्यातला गंधक आणि बलकातलं लोह यांचा आहे आणि अपायकारक नाही. तडा गेलेलं अंडं मात्र रंगवायचं नाही. ते तिथल्या तिथे मीठ लावून खाऊन टाका.

कुठे थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

खवळून उठलेलं लाल, पोपटी, झेंडूसारखं नारिंगी हवं असेल तर स्वयंपाकघरातून ते येणार नाही. थांबा. दुकानातून खाण्याचा रंग आणा, पुडीवर एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) परवाना क्रमांक आणि खाण्यासाठी असल्याचं लिहिलेलं बघून. रंगपंचमीचा उरलेला रंग, रांगोळी, कापडाचा रंग यातलं काहीही अंड्याला लावू नका. "वरच्यावर तर आहे, साल काढूनच खायचं" हे मला दर वर्षी कुणीतरी ऐकवतं. कवचाला हजारो छिद्रं असतात.

ईस्टर मार्चअखेर ते एप्रिलात येतो, बडोद्यात तेव्हा दुपारी चाळिशी गाठलेली असते. उकडलेलं अंडं एरवी दोन तासांवर बाहेर ठेवू नये, बत्तीस अंशांच्या वर गेलं तर तासभरच. खायची अंडी फ्रिजमध्ये, आणि आठवड्याच्या आत संपवायची. रात्रभर ओट्यावर राहिली तर रंग कितीही सुंदर असो, फेकायची. काकूंना हे पटवायला मला तीन ईस्टर लागले. आता त्या शोभेची टोपली वेगळी करतात आणि तिच्यातलं कुणी खात नाही.

शोभेसाठी कच्चं अंडं टोचून तोंडाने फुंकून रिकामं करू नका. कच्च्या अंड्यावर साल्मोनेला हा जंतू असू शकतो. औषधाच्या दुकानातली सुईविना सिरिंज घ्या, तिने हवा भरा, अंडं बाहेर येतं. हात साबणाने.

अंडं खाल्ल्यावर किंवा नुसतं हाताळल्यावर मुलाच्या अंगावर गांध्या, ओठ सुजले, श्वास लागला, तर घरी काही न करता सरळ रुग्णालय गाठा. उलट्या-जुलाब आणि ताप, शौचात रक्त, किंवा मूल मलूल पडलं, तरी ओव्याचा अर्क वगैरे पाजत न बसता डॉक्टर. काय खाल्लं आणि किती वाजता, ते सांगा.

पाण्याच्या परीक्षेत बोअरची वाटी फारच हिरवी निघाली तर अंडी बाजूला ठेवून पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणा (म्हणजे पाण्याचा जडपणा) लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला धरतात आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. पाण्यात विरघळलेले एकूण क्षार दाखवणाऱ्या हातातल्या टीडीएस मीटरने नेमका कठीणपणा कळत नाही. आमच्या सोसायटीने तपासणी करून घेतली, त्यानंतर मी पिण्यालाच काय, डाळीलाही बोअरचं पाणी लावलेलं नाही.

आणि चर्चमधून "दोनशे अंडी करून द्याल का?" असं विचारलं तर नाही म्हणा. दोनशे अंडी रात्रभर गार ठेवील असा फ्रिज घरात नसतो. ते केटररचं काम आहे. काकूंनी मागच्या खेपेला हो म्हटलं होतं. शनिवारी रात्री अकरा वाजता आम्ही तीन शेजाऱ्यांचे फ्रिज रिकामे करत होतो, त्यातले दोघे वैष्णव. त्यांनी दार उघडण्याआधीच हात जोडले.